ग्रँड कॅफे ओरिएंट, प्राग : कॉफी ठीक, खोली अव्वल

निकाल आधीच सांगून टाकतो. नुसती चांगली कॉफी हवी असेल तर प्रागमध्ये याहून सरस आणि स्वस्त जागा पुष्कळ आहेत. पण ही इमारत उभारणारा योसेफ गोचार हा वास्तुविशारद समजून घ्यायचा असेल आणि हाताशी एकच तास असेल, तर तो तास इथं घालवावा. कॉफीला दहापैकी सहा, केकला सात, खोलीला नऊ. खोलीचा एक गुण का कापला ते पुढं येईलच.

जागा प्रागच्या जुन्या शहरात आहे, त्सेलेत्ना रस्ता आणि ओवोत्स्नी त्र्ह हा जुना फळबाजार जिथं मिळतात त्या कोपऱ्यावर. मेट्रोच्या 'बी' मार्गावर नामेस्ती रेपुब्लिकी स्टेशनला उतरायचं, काळपट दगडाच्या प्राश्ना ब्राना या बुरुजाखालून त्सेलेत्ना रस्त्यावर यायचं आणि डावी बाजू बघत चालायचं. दोन-तीन मिनिटांत पहिल्या मजल्याच्या उंचीवर, इमारतीच्या कोपऱ्यात, सोनेरी जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेली काळी मेरीची मूर्ती दिसते. ही मूर्ती या जागेवरच्या जुन्या बरोक, म्हणजे वळणदार आणि भरगच्च सजावटीच्या शैलीतल्या, घराची. घर पाडलं, मूर्ती ठेवली आणि नव्या इमारतीला तिचंच नाव राहिलं : काळ्या मॅडोनाचं घर. कॅफे पहिल्या मजल्यावर आहे.

लगेच वर जाऊ नका. समोरच्या फूटपाथवर उभं राहून दहा मिनिटं इमारत बघा. वरची खोली समजण्याची अर्धी तयारी तिथंच होते.

हे घर 1911–12 मध्ये फ्रांटिशेक योसेफ हेर्ब्स्ट या घाऊक व्यापाऱ्यासाठी बांधलं. त्याला दुकान हवं होतं, म्हणजे खाली मोठ्या काचा आणि आत मोकळी जागा. गोचारनं प्रबलित काँक्रीटचा सांगाडा वापरला. भिंतींवरचा भार गेला, त्यामुळे मजल्यांवर मधल्या भिंती आणि खांबांची गर्दी टळली. आज कॅफेत जी ऐसपैस मोकळीक वाटते तिचं मूळ या सांगाड्यात आहे, सजावटीत नाही. आता दर्शनी भाग खालून वर वाचत जा. दरवाजाची चौकट सरळ काटकोनात नाही, ती तिरक्या पृष्ठभागांनी आत ओढल्यासारखी आहे. त्यावरच्या मजल्यांवर पुढं आलेल्या खिडक्या आहेत. त्या सपाट पेटीसारख्या न येता कोन करून येतात, त्यामुळे सकाळचं आणि दुपारचं ऊन एकाच खिडकीच्या दोन काचांवर वेगळं पडतं. आणखी वर, खिडक्यांच्या मधल्या खांबांच्या माथ्यावर पानाफुलांऐवजी पैलू पाडलेले ठोकळे आहेत. सगळ्यात वर दोन टप्प्यांचं उतरतं छप्पर.

या छपराकडे आणि इमारतीच्या उंचीकडे जरा निरखून बघायला हवं. शेजारची घरं बरोक काळातली आहेत आणि जुन्या शहराच्या मध्यावर नवं काही उभारायला तेव्हाही सहज परवानगी मिळत नसे. गोचारनं शेजाऱ्यांशी भांडण काढलं नाही. छपराचा आकार, मधे पुढं येणाऱ्या खिडक्या, जोरकस दरवाजा, हे सगळं बरोक घरांचंच साहित्य आहे. त्यानं फक्त प्रत्येक वक्राच्या जागी कोन आणला. म्हणून ही इमारत पहिल्या नजरेला फारशी 'आधुनिक' वाटत नाही आणि पुष्कळ पर्यटक मूर्तीचा फोटो काढून पुढं जातात. तरी प्रागमधली ही पहिली क्युबिस्ट इमारत मानली जाते. क्युबिझम, म्हणजे वस्तू कोनांत आणि पैलूंत फोडून दाखवणारी शैली, चित्रांत पॅरिसमध्ये जन्मला, पण तो घरांत, खुर्च्यांत आणि दिव्यांत शिरला तो जवळपास फक्त चेक भागात.

तो तिथंच का शिरला याचं उत्तर त्या पिढीच्या शिक्षणात आहे. गोचारचा जन्म 13 मार्च 1880 चा, पार्दुबित्से शहराजवळच्या सेमीन गावातला. प्रागच्या उपयोजित कला विद्यालयात तो यान कोत्येरा यांच्या हाताखाली शिकला आणि मग 1908 पर्यंत त्यांच्याच कार्यालयात काम केलं. कोत्येरा हे व्हिएन्नाच्या ओटो वाग्नर यांचे विद्यार्थी. इमारतीचं सौंदर्य तिच्या बांधणीतून आणि उपयोगातून यावं, वरून चिकटवलेल्या दागिन्यांतून नाही, ही त्यांची शिकवण. पण त्यांच्या हाताखालच्या तरुणांना हे पुरेसं वाटेना. त्यांच्यातल्या पावेल यानाक या वास्तुविशारदानं त्याला शब्द दिले : काटकोन ही जड वस्तूची विश्रांती आहे, आणि तिरका पृष्ठभाग म्हणजे त्या वस्तूवर मनानं केलेलं काम. 1911 मध्ये या मंडळींनी जुन्या 'मानेस' कलासंघातून बाहेर पडून आपला गट केला. 1912 मध्ये गोचार आणि यानाक यांनी फर्निचर आणि आतल्या सजावटीसाठी 'प्राग कला कार्यशाळा' काढली. त्याच वर्षी हे घर पुरं झालं आणि कॅफे उघडला.

आता आत या. कॅफेकडे जाणारा जिना दुकानाशेजारच्या दालनातून वर जातो. चढायला लागण्याआधी तळाशी, जिन्याच्या मधोमध उभं राहून मान वर करा. कठड्यांच्या वळणांतून मधली मोकळी जागा विजेच्या बल्बच्या आकाराची दिसते. फोटो काढायचा असेल तर मोबाइल अगदी आडवा, छताला समांतर धरा. जरा जरी कलला तर आकार एका बाजूला ओघळतो. जिन्यावरून लोक सतत ये-जा करत असतात, म्हणून सकाळी लवकर गेलेलं बरं. कठडाही बघून घ्या. इमारतीच्या बाहेर सगळा कोनांचा खेळ आहे आणि जिन्यात मात्र गोचारनं वळण वापरलंय. हा माणूस तत्त्वाचा पक्का अनुयायी कधीच नव्हता, त्याची पहिली खूण इथंच मिळते.

कॅफेची खोली लांब, रस्त्याकडे खिडक्यांची रांग असलेली. शक्य असेल तर खिडकीच्या कोनात बसलेलं टेबल मागा. तिथून बाहेरचा रस्ता दोन बाजूंनी दिसतो आणि पुढं आलेल्या तिरक्या खिडकीचा आतून काय फायदा होतो ते बसल्याजागी कळतं : खोलीत उजेड फक्त समोरून न येता बाजूनंही येतो. मागच्या बाजूच्या टेबलांवर बसलात तर दिवे नीट बघायला मिळतात. पितळी दांड्यांचे, पैलूदार झुंबरांसारखे हे दिवे खोलीतली सगळ्यात जमलेली गोष्ट आहे. लांब बार काउंटर, भिंतीवरचे कोट अडकवायचे टोकदार हूक, बाकांची कापडं, सगळं एका हातचं वाटावं असं.

आणि इथंच एक गुण कापला. हे सगळं 1912 चं नाही. कॅफे जेमतेम दशकभर चालला. विसाच्या दशकात क्युबिझमची फॅशन ओसरली आणि तो बंद पडला. पुढं कम्युनिस्ट काळात इमारतीत फळ्या-भिंती घालून कार्यालयं काढली. 1993–94 मध्ये इमारतीची मोठी दुरुस्ती झाली आणि वरच्या मजल्यांवर संग्रहालय आलं. कॅफे पुन्हा उघडला 2005 मध्ये, तोही जुन्या फोटोंवरून आणि आराखड्यांवरून नव्यानं घडवून. म्हणजे खोलीचा आकार, खिडक्या, उंची, जिना हे गोचारचं. दिवे, काउंटर, हूक, बाकं ही नक्कल. नक्कल चांगली आहे, कारागीर जाणते आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुने फोटो काळेपांढरे असतात, त्यामुळे रंगांबाबत आजच्या सजावटकारांनी निवड केलेली असणार हे धरून चालावं. कॅफेवाले 'जगातला एकमेव क्युबिस्ट कॅफे' म्हणून मिरवतात. त्या बिरुदाशेजारी 'पुन्हा घडवलेला' हे दोन शब्दही तितक्याच मोठ्या अक्षरांत हवे होते.

मागवायचं काय? इथली ओळखीची वस्तू म्हणजे व्येनेचेक. चेक मिठाईच्या दुकानांत हा सगळीकडे मिळतो : उकडीच्या पिठाचं भाजलेलं कडं, आत व्हॅनिला क्रीम, वर साखरेची घट्ट झिलई. सगळीकडे तो गोल असतो, इथं मात्र चौकोनी. कल्पना गमतीची आहे आणि ती जमवणं दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. या पिठासाठी साधारण पाव लिटर पाणी आणि 100 ग्रॅम लोणी उकळतात, त्यात 150 ग्रॅम मैदा एकदम टाकून भांड्याच्या तळाला पातळ साय धरेपर्यंत ढवळतात, थोडं निवल्यावर चार अंडी एकेक करून मिसळतात. भट्टीत गेलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तीच पीठ फुगवते. वाफ सगळ्या दिशांना सारखीच ढकलते, म्हणून धारदार कोपरा तिथं टिकत नाही. शिवाय कोपऱ्यात पिठाच्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात, तिथं थर जाड होतो आणि आतून ओला राहायची भीती असते. भट्टीचं दार वीस मिनिटांच्या आत उघडलं तर सगळं बसतं. म्हणून ताटलीत येणारा चौकोन गोलसर कोपऱ्यांचाच असतो; त्याला नावं ठेवू नका.

ताजा आहे की नाही हे ओळखायची खूण : काटा आधी कोपऱ्यात घाला. हलका करकर आवाज आला आणि आतलं पीठ जाळीदार, कोरडं दिसलं तर तो आजचा. काटा चामड्यात घातल्यासारखा वाटला तर क्रीम भरून बराच वेळ झालाय, पिठानं ओल ओढून घेतलीय. झिलई चिकट आणि पाणावलेली असेल तर तो फ्रिजमधून आत्ता बाहेर काढलाय. हे कुठल्याही मिठाईच्या दुकानाला लागू आहे आणि म्हणूनच असली वस्तू संध्याकाळपेक्षा दुपारच्या आधी मागवावी. क्रीमच्या बाबतीत चेक चव आपल्याला कमी गोड वाटेल, पण झिलई ती कसर भरून काढते. दोघांत एक पुरे.

कॉफीमध्ये 'विडेन्स्का कावा', म्हणजे वर फेटलेल्या सायीचा डोंगर असलेली व्हिएन्ना पद्धतीची कॉफी, या खोलीला शोभते. साय गोड नसते, साखर वेगळी येते. ती ढवळू नका. सायीतून कॉफी ओढत प्यायची. साधी एस्प्रेसो ठीकठाक, किंचित जळकट भाजणीची, जुन्या मध्य युरोपीय चवीची. फळांच्या आंबट चवीची हलकी भाजणी आवडणाऱ्यांनी इथं अपेक्षा ठेवू नये. प्रागमध्ये इतरत्र कुठं 'तुरेक' मागवलात तर एक लक्षात ठेवा : पेल्यात दळलेली कॉफी टाकून त्यावर उकळतं पाणी ओतलेलं असतं. चार-पाच मिनिटं गाळ बसू द्यायचा आणि शेवटचा बोटभर पेला तसाच सोडायचा.

पोट भरण्यासाठी पलाचिंकी आहेत, म्हणजे पातळ धिरड्यांसारखे गुंडाळलेले प्रकार, गोड आणि तिखटमिठाचे दोन्ही. शाकाहारी मंडळींना पालक-चीजचा प्रकार चालेल. मात्र पिठात अंडं असतंच, ते टाळणाऱ्यांसाठी इथं फारसं काही नाही. व्येनेचेकमध्येही अंडी आहेतच. थंड, थरथरणाऱ्या पोताचे केक असतील तर त्यात जिलेटिन आहे का हे विचारून घ्या. चेकमध्ये 'झेलातिना' म्हटलं की कळतं. 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय, 'बेझ वायेत्स' म्हणजे अंड्याशिवाय. वेटर इंग्रजी बोलतात, पण पदार्थात नेमकं काय आहे हे विचारताना चेक शब्द वापरला तर उत्तर जास्त खात्रीचं मिळतं.

बिलाबद्दल. भाव पर्यटकांच्या भागाचे आहेत, एखाद्या साध्या वस्तीतल्या कॅफेपेक्षा ठळकपणे जास्त. कार्डानं पैसे देताना मशीन विचारतं, कोरुनांत की तुमच्या चलनात? कोरुना निवडा. रुपये किंवा युरो निवडलात तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. टिप साधारण दहा टक्के. टेबलावर ठेवून जायची पद्धत नाही, पैसे घेताना वेटरला एकूण रक्कम सांगायची. साधं नळाचं पाणी मागितलं तरी त्याचे पैसे लागू शकतात. सेवा चोख पण घाईची आहे. गर्दीच्या वेळी, साधारण दुपारी दोनच्या पुढं, कप रिकामा झाला की वेटरच्या नजरेतून ते कळतं. तास-दीड तास निवांत बसायचं तर दुपारच्या आधी जा.

तळमजल्यावर क्युबिस्ट वस्तूंच्या हुबेहूब प्रतींचं दुकान आहे, कुबिस्टा. यानाकनं 1911 मध्ये आखलेली स्फटिकासारखी झाकणाची डबी ही तिथली प्रसिद्ध वस्तू. घेणार असाल तर हातात घेऊन कडांवरून बोट फिरवा. अशा टोकदार कडांवर झिलई भाजताना मागं सरते आणि पातळ होते, त्यामुळे खालची माती डोकावते. थोडंफार असणारच, पण टवका नको. झाकण चारही बाजूंनी फिरवून बसतंय का ते बघा. सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत न्या, आणि झाकण व डबी वेगवेगळी गुंडाळा, कारण टवके उडतात ते दोन्ही एकमेकांवर आपटून.

वरच्या मजल्यांवर 2015 पासून उपयोजित कला संग्रहालयाचं चेक क्युबिझमचं दालन आहे. कॅफेच्या आधी ते पाहावं, नंतर नाही. तिथल्या खऱ्या खुर्च्या आणि कपाटं बघितली की खालच्या नकलांची किंमत कळते. शिवाय ही शैली का टिकली नाही हेही तिथंच उमगतं. लाकडाची ताकद रेषांच्या दिशेनं असते. खुर्चीच्या पायाला तिरके पैलू पाडले की रेषा मधेच तुटतात, कोपरे नाजूक होतात. मग ताकदीसाठी पाय जाड करावे लागतात, खुर्ची जड होते, कामाचे तास वाढतात आणि किंमत चढते. बसायला आरामशीर म्हणावी अशी खुर्ची त्या दालनात शोधून सापडणार नाही. सामान्य घरात ही वस्तू पोचणं अशक्य होतं.

गोचारला हे कळलं असावं, कारण तो फार काळ तिथं थांबला नाही. त्याची खरी गंमत ही आहे. काळ्या मॅडोनाच्या घरावरून त्याला 'क्युबिस्ट' म्हणून ओळखतात, पण त्याच्या कामातला हा तुकडा मोजक्या वर्षांचा आहे. या घराच्या अगदी आधी, 1909–11 मध्ये, त्यानं यारोम्येर्झ गावात वेंके दुकानाची इमारत केली : पुढचा भाग जवळजवळ पूर्ण काचेचा, त्या काळाच्या मानानं थक्क करणारा. बोहदानेच या स्नानाच्या गावातलं त्याचं क्युबिस्ट दालन 1912–13 चं. आणि युद्ध संपून चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश जन्माला आल्यावर त्यानं कोनही सोडले.

ते बघायचं असेल तर कॅफेतून निघा, परत बुरुजाकडे या, नामेस्ती रेपुब्लिकी ओलांडून ना पोर्झिची रस्त्याला लागा. दहा मिनिटांच्या आत लेजिओबँकेची इमारत येते, 1921–23 ची. अकरा वर्षांत हाच माणूस काय करून बसला ते बघा : कोनांच्या जागी अर्धवर्तुळं, जाडजूड दंडगोल, एकावर एक रचलेल्या चकत्या. पहिल्या महायुद्धात परदेशी भूमीवर लढलेल्या चेकोस्लोव्हाक सैनिकांची ही बँक, म्हणून दर्शनी भागावर त्यांचीच शिल्पं : खालच्या खांबांवरचे सैनिक यान श्तुर्साचे, त्यांच्या वरची सैनिकांच्या घरवापसीची लांब पट्टी ऑटो गुटफ्रॉइंडची. नव्या राष्ट्राला स्वतःची शैली हवी होती, लोककलेतून उचललेली, रंगीत आणि ठसठशीत. काहींना हे जड वाटतं. ते जड आहेच. पण समोरच्या फूटपाथवरून, थोडं तिरकं उभं राहून बघितलं की सगळे गोल आकार सावल्यांवर उभे आहेत हे दिसतं, आणि ढगाळ दिवशी हीच इमारत निस्तेज पडते. ऊन असताना जा.

ही शैलीही चार-पाच वर्षांची पाहुणी. 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाचं दालन गोचारनं केलं. हे तेच प्रदर्शन ज्याच्या नावावरून पुढं 'आर्ट डेको' हे नाव रूढ झालं आणि ज्याची नातवंडं मुंबईत मरीन ड्राइव्हला आणि ओव्हल मैदानासमोर उभी आहेत. तोवर, म्हणजे 1924 पासून, कोत्येरा यांच्या मृत्यूनंतर रिकाम्या झालेल्या जागी गोचार प्रागच्या ललित कला अकादमीत प्राध्यापक झाला होता. पुढं रेक्टरही झाला. तिथं तो 1939 पर्यंत शिकवत राहिला. विसाच्या दशकाच्या शेवटी त्यानं साधी, सपाट, पांढरी, उपयोगातून आकार घेणारी शैली धरली आणि प्रागच्या 'बाबा' नावाच्या वसाहतीतली त्याची घरं त्याच धाटणीची आहेत. त्याचा मृत्यू 10 सप्टेंबर 1945 ला यिचीन इथं झाला.

प्रागमध्ये दोन दिवस जास्त असतील तर रेल्वेनं ह्रादेत्स क्रालोवे गाठा, सुमारे पावणेदोन तासांचा प्रवास. गोचारला एक-एक इमारत म्हणून नाही, शहर म्हणून बघायचं असेल तर तेच ठिकाण. महापौर फ्रांटिशेक उल्रिख यांनी आधी कोत्येरा यांना संग्रहालयासाठी बोलावलं आणि मग त्यांच्या शिष्याला. गोचारनं 1909–10 मध्ये जुन्या गावाच्या टेकडीवर चढणारा जिना केला, आणि विसाच्या दशकात शहराचा विस्तार आराखडाच हाती घेतला. किल्ल्याच्या तटबंदीची जागा मोकळी झाली होती, तिथं नवं शहर बसवायचं होतं. टिल शाळेची 1925–27 ची इमारत, मासारिक चौक, आंब्रोज प्रार्थनामंदिर या तीन ठिकाणांना पायी तीन तास लागतात. लाल विटा सगळ्यांत समान, पण प्रत्येक इमारतीत त्यांची बांधणी वेगळी आहे. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन सांधे बघा. ज्यांना वाट वाकडी करून पार्दुबित्सेला उतरता येईल त्यांनी तिथल्या स्वयंचलित पिठाच्या गिरण्याही बघाव्यात. गोचारनं 1910–11 मध्ये त्या आखल्या, पुढं वाढवल्या, आणि 2023 पासून त्यांतच त्याच्या नावाचं कलादालन चालू आहे.

आणि प्रागमध्येच शेवटची एक गोष्ट, जी कॅफेत येणाऱ्या शंभरातले नव्वद जण बघत नसतील : व्रशोवित्से भागातलं संत वाक्लावचं चर्च, 1929–30 चं. चेखोवो नामेस्ती या ट्राम थांब्यावर उतरायचं. दोन उंच सडसडीत मनोऱ्यांनी बनलेला सपाट पांढरा दर्शनी भाग चौकाच्या वरच्या टोकाला उभा दिसतो. जमीन चढाची आहे, ती सपाट न करता गोचारनं छप्परच पायऱ्यापायऱ्यांनी वर नेलं आणि प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूत काच घातली, त्यामुळे वेदीकडे जावं तसा उजेड वाढत जातो. चर्चचं दार एरवी बंद असण्याची शक्यता जास्त. प्रार्थनेच्या वेळेच्या थोडं आधी पोचलं तर आत जाता येतं. प्रार्थना सुरू झाल्यावर फोटो काढू नयेत. ही फेरी सोमवारी ठेवा, कारण काळ्या मॅडोनाच्या घरातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.